अडीच की पावणेतीन

८ ऑगस्ट

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडायला किती वेळ लावलास कोण जाणे. फोनच करणार होते. तीनदा नंबर लावला आणि तीनदा रिंग जायच्या आत ठेवून दिला. तुझं 'हॅलो' ऐकलं की माझा आवाज बसतो. कागद बरा. तो मधेच 'मग?' असं विचारत नाही.

भाऊजींची कंबर कशी आहे? ते मागे बसस्टॉपवर भेटले होते, तेव्हा काठी टेकत होते. तू बरी आहेस म्हणाले. जाता जाता हेही म्हणाले की घरातलं भिंतीवरचं घड्याळ तू उतरवून ठेवलंयस. तेवढ्यात बस आली.

माझं ठीक चाललंय. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. आमच्याकडे नवीन मुख्याध्यापक आलेत. नवा गडी, नवं राज्य! प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात आणि वहीत काहीतरी टिपतात. माझ्या चौथीची परीक्षा घेतली आणि मला बोलावून म्हणाले, "बाई, बाकी सगळं उत्तम. पण अपूर्णांकात पोरं एवढी कच्ची कशी? मोजमापाचा धडा तुम्ही चार वर्षं नुसता वाचून दाखवताय, असं मला कळलं."

वेळ पुरत नाही, म्हटलं.

"मग आता पुरवा," ते म्हणाले. माणूस वाईट नाही.

म्हणून गेले आठ दिवस वर्गात पाव, अर्धा, पाऊण चाललंय. तुला हसू येईल अशा गमती होतात. एक जण म्हणाला, "बाई, साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेदोन का नसतं?" मी म्हटलं, दीड आणि अडीच ही लाडकी पोरं, त्यांना घरात वेगळी नावं पडली. दुसरी एक आहे, तिला सगळे चष्मिस म्हणतात, ती उठून म्हणाली, "पाऊण म्हणजे एक व्हायला निघालेला, पण वाटेत बसलेला." दीडशहाणी आहे नुसती. मला आवडते.

काल सगळ्यांनी आपापली पेन्सिल मोजली. पट्टीवर इंचाचे चार भाग असतात, त्यातल्या सगळ्यात जवळच्या रेघेवर माप धरायचं. मग मी फळ्यावर एक लांब आडवी रेघ मारली, तिच्यावर दोनापासून सहापर्यंत पाव-पाव इंचाच्या खुणा केल्या. ज्याची पेन्सिल जेवढी, त्या खुणेवर त्याने एक फुली काढायची. त्याच मापाची दुसरी पेन्सिल निघाली, की पहिल्या फुलीच्या डोक्यावर दुसरी. कुठे फुल्यांचा मनोरा होतो, कुठे जागा रिकामी राहते. पोरं खूश.

वर्गात एकतीस मुलं आहेत. सगळी हजर होती. आज सकाळी दार उघडून फुल्या मोजल्या तर बत्तीस.

मुलं दोनदा काढतात कधी कधी. मी पुसली ती. पण ती ज्या खुणेवर होती, तेवढी पेन्सिल वर्गात कुणाचीच नव्हती.

असो. पत्र लांबलं. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

तुझी,
धाकटी

*

२१ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार.

तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातून घेतलं आणि दारातच उभी राहून वाचलं. "तू लिहिलंस, बरं वाटलं. चार वर्षांत तू एकदाही घरी आली नाहीस, मी काय तुला खाल्लं असतं का?" हे वाक्य तर पाचसहा वेळा वाचलं. तू रागावली असतीस तर सोपं गेलं असतं मला.

आणि मग खाली तू तुझ्या खारूच्या वहीचं लिहिलंयस. तिची वही तू अजून जपून ठेवली आहेस, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेनं दप्तर तुमच्याकडे दिलं तेव्हा मी आत बघितलंच नव्हतं. शेवटच्या पानावर एक आडवी रेघ आहे, तिच्यावर आकडे आणि फुल्याच फुल्या, हे काय आहे ते इतकी वर्षं कळलं नव्हतं, तुझं पत्र वाचून वाटलं की हेच ते, असं तू म्हणतेस.

हो. हेच ते. त्या वर्षी आम्ही पेन्सिली मोजल्या नव्हत्या, रोपं मोजली होती. प्रत्येकानं एका छोट्या कुंडीत घेवड्याचं बी लावलं होतं. ऊन मिळावं म्हणून कुंड्या गच्चीवर ठेवल्या होत्या, कठड्याला लागून, ओळीनं. दुपारी रोपांची उंची मोजून फुल्या काढायच्या होत्या. खारूनं फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घेतलं. तिची रेघ बघ, किती सरळ आहे. पट्टीशिवाय रेघ मारणं तिला पटायचंच नाही.

वाचायचं कसं ते सांगते. जिथे फुल्यांचा मनोरा सर्वांत उंच, तेवढ्या उंचीची रोपं सर्वांत जास्त. जिथे एकही फुली नाही, तेवढं रोप कुणाचंच नाही. बाजूला खाली तिनं बेरीज करून 'एकूण' लिहिलं असेल. मी तशी सवय लावते सगळ्यांना.

पानाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या ओळीबद्दल तू विचारलंयस. "अडीच की पावणेतीन? विचारणे."  खारू वहीतसुद्धा तुझ्या येण्याची वेळच लिहून बसली होती का, आई अडीचला येणार की पावणेतीनला हेही तिला धड आठवत नव्हतं का, असं तू विचारतेस.

मुलं काहीही लिहितात गं वहीत. त्याचा एवढा विचार करू नकोस.

तुला एक विचित्र गोष्ट सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. ती जादा फुली पुन्हा आली. मी पुसली की एक-दोन दिवसांनी पुन्हा. त्याच खुणेवर. मी वर्गाला दरडावलं, मुलांची तोंडं एवढीएवढी झाली. मग शाळा सुटल्यावर खोलीला मीच कुलूप लावायला लागले, किल्ली माझ्याच पर्समध्ये. तरी सकाळी फुली हजर. फळ्यासमोर उभी राहिले की मागच्या बाकावरून कुणीतरी 'बाई' म्हणतंय असं वाटायचं. वळून बघितलं की मुलं खाली मान घालून लिहीत असायची.

परवा चष्मिस माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला का रागावता? ती फुली तुम्हीच काढता."

"मी?"

"सोमवारी मी डबा विसरले होते. न्यायला आले तेव्हा तुम्ही एकट्याच होता. तुम्ही खडू घेतला, फुली काढली आणि कुलूप लावून गेलात. मी हाक मारली तर तुम्ही बघितलंच नाहीत."

ताई, मला यातलं काहीच आठवत नाही. पण सोमवारी घरी जाऊन हात धुताना बोटांना खडू लागलेला होता, ते आठवतं.

आता शाळेची घंटा होईल. पुढचं लिहायचं आहे, पण आज नाही लिहवत.

धाकटी

*

४ सप्टेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. हे पत्र बसून वाच. भाऊजी घरी असताना वाच, एकटी असताना नको.

पावणेतीन ही वेळ नव्हती. ते इंच होते. फळ्यावरची ती जादा फुलीही त्याच खुणेवर येते.

त्या दिवशी तू तिला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला पावणेतीनला येणार होतीस आणि तुला पोचायला सव्वातीन झाले. सगळ्यांनी मिळून तुझ्या मनात भरवलं की आई का आली नाही, ते रस्त्यावर बघायला ती न विचारता गच्चीवर चढली. चौकशीच्या कागदातही तसंच आहे. शिपाईमामांनी गच्चीचं दार उघडं टाकलं, मुलगी हट्टी होती, आणि पडल्यावर ती 'पावणेतीन, पावणेतीन' म्हणत होती, म्हणजे आईची वाट बघत होती. चार वर्षं तू मनगटाला घड्याळ लावत नाहीस. मला सगळं माहीत होतं. मी एका वाक्यात तुझी सुटका करू शकत होते आणि मी ते वाक्य गिळून बसले.

काय झालं ते सांगते. एकदाच सांगणार आहे, म्हणून नीट सांगते.

मधल्या सुट्टीनंतर शिपाईमामांनी सगळ्या वर्गाला वर नेलं. गच्चीच्या मध्यावर उजेडासाठी सोडलेली मोठी चौकोनी पोकळी होती, थेट तळमजल्यापर्यंत. तिच्यावर प्लास्टिकचे पत्रे टाकलेले. मामा मुलांना नेहमी कडेकडेनं रांगेनं न्यायचे. मुलांनी रोपं मोजली, खाली आली, मामांनी कुलूप घातलं आणि किल्ली आमच्या वर्गाबाहेरच्या खिळ्याला टांगली. ते चुकले नव्हते. कुठेही चुकले नव्हते.

फळ्यावर सगळ्यांच्या फुल्या झाल्या. खारूची राहिली. ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, माझं रोप अडीचच्या पुढे होतं, पण पावणेतीनला टेकलं की नाही ते मी नीट बघितलंच नाही. मागून ढकलत होते सगळे. फुली कुठे काढू?"

"जवळचं कुठलं वाटतं?"

"पावणेतीन वाटतं. पण वाटून चालत नाही ना? तुम्हीच म्हणता."

साडेतीनला शाळेत पाहुणे येणार होते, त्याआधी फळ्यावरचा तक्ता कागदावर उतरवून भिंतीवर लागायला हवा होता. माझ्यापुढे वह्यांचा ढीग होता. आणि खरं सांगू? सख्खी भाची वर्गात, म्हणून मी तिच्याशीच सर्वांत जास्त कडक वागायचे. लाड करते असं कुणी म्हणायला नको. मी वैतागून म्हटलं, "मग जा आणि परत मोजून ये."

तिनं विचारलं, "एकटी?"

मी म्हटलं, "नऊ वर्षांची घोडी झालीस, एकटी काय विचारतेस!" उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. माझ्या या हातानं, ताई.

ती पळत गेली. तुझी वाट बघत नव्हती ती. तू येणार आहेस, हेसुद्धा त्या क्षणी तिच्या डोक्यात नसेल. तिच्या डोक्यात फक्त तिचं रोप होतं.

थोड्या वेळानं आवाज आला. सगळे खाली धावले. मी वर धावले.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. सगळे खाली धावले आणि मी वर गेले. मधला पत्रा फुटलेला होता. ती कुंडीपर्यंत कडेनं गेली असणार आणि येताना घाईत मधून आली असणार. तिच्या कुंडीत पट्टी उभी खोचलेली होती, रोपाला लावून. मी वाकून बघितलं. कशाला बघितलं, मला माहीत नाही. पावणेतीनला बरोबर टेकत होतं. मी पट्टी उपसून पदराखाली घेतली. कुलपातली किल्ली काढली. खाली उतरताना ती खिळ्याला टांगली. आणि मग, त्यानंतर, मी तिच्याजवळ गेले.

तोवर तिचं डोकं शिपाईमामांच्या मांडीवर होतं. ती त्यांना म्हणाली होती, "बाईंना सांगा, पावणेतीन." मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती.

तू धावत आलीस. दवाखान्याच्या बाहेर तू मला विचारलंस, "तुला विचारून गेली होती का गं ती?" मी नाही म्हटलं. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "कुणाचं ऐकायचीच नाही." बस्स. त्यानंतर तुझ्या घरची पायरी चढणं मला जमलं नाही.

भीती वाटली म्हणून केलं, हे खरं आहे. पण भीती एका दिवसाची असते. पुढची चार वर्षं मी रोज सकाळी उठून तेच खोटं नव्यानं बोलत होते, तोंड न उघडता.

चष्मिसनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी शिपाईमामांना शोधून काढलं. बाजारामागे सायकली ठेवायचा तळ आहे, शाळेतली नोकरी गेल्यापासून तिथे ते टोकन देतात. केस पूर्ण पांढरे झालेत. मला बघून त्यांनी खुर्चीवरचं फडकं उचललं आणि म्हणाले, "बसा बाई."

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मामा, त्या दिवशी किल्ली मी दिली होती तिला."

त्यांनी एका माणसाला टोकन दिलं, त्याची सायकल आत लावली, परत आले. "माहितीये. मी किल्ली नेहमी दात भिंतीकडे करून टांगतो. त्या दिवशी उलटी टांगलेली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. चौकशीत बोललो. पोरगी मावशीला निरोप देत होती म्हणालो. साहेब म्हणाले, सख्ख्या मावशीवर आळ घेतोस, लाज नाही वाटत? एकदा तसं म्हटल्यावर पुढं काय बोलायचं माणसानं?"

मी हात जोडले. त्यांनी ते बघितलं आणि नजर वळवली. मग सायकलींकडे बघत म्हणाले, "घरचं दार मी लावलं ना बाई, की माझी लेक मागून येऊन बघते, नीट लागलंय का. बोलत काही नाही. नुसतं बघते."

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडून काय होतंय. कागदावर लिहून द्या."

म्हणून किल्लीचं, पट्टीचं, सगळं लिहून दिलं. काल सकाळी ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "बाई, याचे परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत ना? घरी जा, उद्यापर्यंत विचार करा. मी अजून यावर शिक्का मारलेला नाही."

मी म्हटलं, मारा.

आजपासून मला वर्गात जायचं नाही. चौकशी पुन्हा उघडेल, पोलिसांतही जाईल असं म्हणतात. जे व्हायचं ते होऊ दे. निघताना वर्गात गेले, तेव्हा मुलं तोंडी गणितं करत होती. चष्मिसनं विचारलं, "बाई, धडा पुरा झाला?" मी म्हटलं, नवीन बाई पुरा करतील, त्यांना त्रास देऊ नका.

अर्जाची एक प्रत शिपाईमामांना देऊन आले. त्यांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. त्यांची लेक शेजारीच उभी होती, तिनं हात पुढे केला, "बघू." मी तिथे थांबले नाही. दुसरी प्रत या पत्राला जोडली आहे. भाऊजींना वाचायला दे.

तिची पट्टी माझ्याकडे आहे. कपाटात, रुमालात गुंडाळलेली. पोस्टानं पाठवणार नाही, तुझ्या हातात देईन.

येत्या रविवारी सकाळी मी तुझ्या दारात येईन. शिव्या द्यायच्या असतील तर दे, हात उचलायचा असेल तर उचल, मी मागे सरणार नाही. बोलायचं नसेल तर पट्टी घे आणि दार लाव. दार उघडलंच नाहीस, तर मी एकदाच बेल वाजवीन आणि पट्टी पायरीवर न ठेवता परत नेईन, कारण ती अशी टाकून द्यायची वस्तू नाही. मग पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

क्षमा मागायला येत नाहीये. तुझ्यासमोर उभी राहून हे सगळं तोंडानं सांगायचं आहे, एवढंच. कागदाच्या आड फार लपले.

'तुझी' लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. ते लिहायचं की खोडायचं, तू ठरव.

धाकटी